आर.व्ही.च्या (राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या) गॅसवर चालणाऱ्या फ्रिजचा थर्मल स्विच, म्हणजे फार तापलं की वीज तोडणारा सेफ्टी स्विच, गेलाय. नवीन येईपर्यंत दोन वायरी थेट जोडून फ्रिज चालवला तर चालेल का?

नाही चालणार.

तुम्ही लिहिलंय की फ्रिजच्या पॅनलवरचे दिवे पूर्ण गेलेत, फ्यूज शाबूत आहे, बारा व्होल्ट मागपर्यंत येतायत, पण मीटर लावला की स्विचमधून कंटिन्युइटी मिळत नाही. म्हणजे स्विच उघडा आहे, त्यातून वीज पुढे जात नाही; निदान बरोबर. मला खटकलं ते तुमचं पुढचं वाक्य: "मित्र म्हणतो हे स्विच उगाचच उडतात, काढून टाक."

असा जाणकार माझ्याही घरात आहे. माझा मेहुणा.

आम्ही फिनिक्सला राहतो. ऐन उन्हाळ्यात दोन्ही कुटुंबं मिळून गाडी घेऊन युटामध्ये मोआबला गेलो होतो. जागा सुंदर, पण विजेची जोडणी नाही, म्हणून फ्रिज प्रोपेनवर. संध्याकाळी फ्रिज एकदम बंद. बाहेरची जाळी काढली. बॉयलरच्या (ज्योतीने तापणाऱ्या नळीच्या) चिमणीच्या पत्र्यावर रुपयाएवढी चकती, म्हणजे हा स्विच, मधोमध छोटं लाल बटण, दोन चपट्या पिना. बटण दाबलं, टक् आवाज आला, दिवे लागले. रात्रीत परत बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा बंद. सकाळी तर बटण धरेचना.

मी गावात पार्ट शोधायला गेलो. परत येतो तर फ्रिज चालू! मेहुण्याने दोन्ही लग्ज (वायरींच्या टोकांचे धातूचे चिमटे) उपसून वायरच्या तुकड्याने एकमेकांना जोडून टाकले होते. "अहो भावोजी, झाला की! स्विचच खराब होता." मी जाळीजवळ हात नेला, तर नेववेना इतकी धग. तसाच जाऊन सिलिंडर बंद केला आणि तो तुकडा उपटून काढला. त्यावरून जे भांडण झालं ते विचारू नका. बायकोने घरून करून आणलेलं आम्रखंड वाया गेलं, मुलं दोन दिवस बर्फाच्या पेटीतलं खात होती, आणि हे सगळं 'माझ्या हट्टापायी'. दर गणपतीत हा विषय निघतो.

माझी पहिली नोकरी रत्नागिरीत मिरकरवाड्याजवळच्या बर्फाच्या कारखान्यात. गार करायला वापरतात तो अमोनिया वायू सुटला की काय होतं ते मी तिथे पाहिलंय. डोळे आधी मिटतात, मग कळतं काय झालं ते. तिथे सेफ्टीच्या वस्तूला परस्पर हात लावणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवत, आणि ते योग्यच होतं. आर.व्ही.च्या फ्रिजमध्ये अमोनिया थोडा असतो हे खरं. पण सोबत पाणी आणि हायड्रोजन, सगळं दाबाखाली, त्याच नळीच्या बुडाशी गॅसची ज्योत, आणि फळीच्या पलीकडे माणसं झोपलेली.

बाल्त्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये उष्णतेवर चालणाऱ्या या फ्रिजची रचना केली. आत फिरणारा एकही भाग नाही. द्रव फक्त उताराने परत बॉयलरकडे येतो. गाडी कलती उभी असली की तो मध्येच अडून राहतो, बॉयलर कोरडा पडतो आणि ज्योत चालूच राहते. नळी गंजू नये म्हणून आत सोडियम क्रोमेट घातलेलं असतं, ते तापून घट्ट बसतं आणि वाट बंद करतं. पुढची पायरी म्हणजे नळीला तडा. स्विच उडतो तो हे होऊ नये म्हणून.

मोआबला नेमकं तेच झालं होतं. सपाटी मोजायची लेव्हल ठेवून पाहिली तर बुडबुडा पार एका टोकाला. चाकांखाली ठोकळे घातले, दुसऱ्या दिवशी नवा स्विच बसवला, त्यानंतर आजतागायत तो उडालेला नाही. मेहुण्याचं म्हणणं, नव्या स्विचने चाललं म्हणजे जुनाच खराब होता. अरे, पुन्हा पुन्हा तापून तो निकामी झाला, पण तापला कशाने? उताराने! इथे सगळ्यांसमोर लिहून ठेवतोय.

आता बदलण्याचं. अवघड नाही. गॅस सिलिंडरला बंद करा, बाहेरची वीज काढा, बारा व्होल्टही तोडा, आणि बॉयलर पूर्ण गार होऊ द्या, त्याला वेळ लागतो. जोडणीचा फोटो काढून ठेवा. लग वायरीला धरून ओढू नका, पक्कडीने लगलाच धरा. नवा स्विच फ्रिजच्या आतल्या पट्टीवरचा मॉडेल आणि सिरियल नंबर देऊनच मागवा, 'साधारण तसाच' नको, कारण तो किती तापमानाला उडतो हे महत्त्वाचं. पत्र्याला पूर्ण टेकून बसला पाहिजे आणि वायरी चिमणीला लागता कामा नयेत. काही मॉडेलमध्ये स्विचच्या जागी थर्मल फ्यूज असतो, त्याला बटण नसतं, एकदा गेला की गेला.

त्याआधी कारण शोधा. गाडी सपाट आहे का, वरच्या व्हेंटमध्ये पक्ष्याचं घरटं आहे का, बर्नरमध्ये काजळी किंवा गांधीलमाशीची माती आहे का, ज्योत निळी आहे की पिवळी.

हे खरं तर सुरुवातीलाच लिहायला हवं होतं: मागे पिवळी पूड दिसली किंवा अमोनियाचा वास आला, तर स्विच मागवूच नका. गॅस बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा. ती पूड विषारी आहे, उघड्या हाताने पुसू नका. कूलिंग युनिट (गार करणाऱ्या नळ्यांचा संच) फुटलंय, आणि युनिट बदलणं किंवा दुसरा फ्रिज घेणं एवढेच मार्ग उरतात.

आणि मित्राला सांगा, २००६ मध्ये डोमेटिक या फ्रिज कंपनीने अमेरिकेत ९ लाखांहून जास्त फ्रिज रिकॉल केले, म्हणजे दुरुस्तीसाठी परत बोलावले, ते बॉयलरच्या नळीला तडा जाऊन आग लागण्याच्या भीतीने. २०१० मध्ये नॉरकोल्ड कंपनीच्या १२०० मालिकेचाही रिकॉल झाला. तुमचा फ्रिज अशा यादीत आहे का ते अमेरिकेच्या वाहनसुरक्षा खात्याच्या (एन.एच.टी.एस.ए.च्या) साइटवर पाहा. असला तर स्वतः हात न लावता अधिकृत दुकानात न्या. बारा व्होल्टच्या कॉम्प्रेसरवर चालणारा फ्रिज असेल तर यातलं काहीच लागू नाही.