फिश ऑइल सुरू केलं आणि झोप उडाली?

"मॅडम, त्या माशाच्या तेलाच्या गोळीनं झोप पार उडालीया." कोल्हापुरातल्या राजारामपुरीतले हे गृहस्थ चाळिशीचे, दिवसभर दुकान आणि संध्याकाळी जिम. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) अकराला अंथरुणावर पडायचे, डोळा लागायला दीड वाजायचा. अशी तक्रार आली की घरातले सगळे डबे-बाटल्या पिशवीत घालून आणायला सांगावं. "मी फक्त फिश ऑइल घेतो" म्हणणाऱ्याच्या पिशवीतून सहसा एकच बाटली निघत नाही.

यांच्या पिशवीतून फिश ऑइल, बी-कॉम्प्लेक्स आणि व्यायामाआधी पाण्यात कालवून प्यायची पावडर निघाली. कॅप्सूल नेहमीची, 1000 मिलिग्रॅमची. त्यात ईपीए 180 आणि डीएचए 120 मिलिग्रॅम; माशाच्या तेलातली ही दोन ओमेगा-3 स्निग्धाम्लं. झोप उडवणारं यात काही नाही. उलट 2014 साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी शाळकरी मुलांना रोज 600 मिलिग्रॅम डीएचए 16 आठवडे दिलं, तेव्हा मनगटावर यंत्र बांधून ज्यांची झोप मोजली त्या मुलांची झोप रात्रीला सरासरी 58 मिनिटांनी जास्त भरली. यंत्र बांधलेली मुलं मोजकीच होती, म्हणून मोठ्यांनी झोपेसाठी ही गोळी घ्यावी असं काही त्यावरून म्हणता येत नाही.

पावडरच्या डब्यावर मात्र बारीक अक्षरात होतं: एका चमच्यात कॅफिन 200 मिलिग्रॅम. हे चमचा शिगोशीग भरून घ्यायचे, तोही संध्याकाळी सातला. कॅफिन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. म्हणजे रात्री बारा वाजता अंगात निदान 100 मिलिग्रॅम उरलेलं, एक कप कॉफीइतकं.

मग दोष गोळीवर का गेला? तिची आठवण ढेकर करून देत होती म्हणून. जेवण नऊला, गोळी अकराला दोन घोट पाण्याबरोबर, आणि लगेच आडवं. जेवणाशिवाय घेतलेल्या तेलाने माशाच्या वासाचे ढेकर येतात, आडवं झाल्यावर ते घशाशी येतं. रविवारी तांबड्या रश्शावर ताव मारला की छातीत जळजळ वेगळीच.

तिन्ही गोष्टी एकदम बंद केल्या तर चोर सापडत नाही. म्हणून पहिला आठवडा फक्त पावडर बंद, बाकी होतं तसंच. कॅफिन एकदम थांबलं की सुरुवातीचे काही दिवस डोकं दुखू शकतं, हे आधीच सांगून ठेवलं. वहीत रोज सकाळी चारच नोंदी: पडलो कधी, झोप अंदाजे कधी लागली, कितीदा जाग आली, उठलो कधी. रात्री घड्याळ बघायचं नाही, कारण वेळ मोजत पडलं की काळजीच जागं ठेवते. आठवड्याअखेर झोप बाराच्या आत लागू लागली. ढेकर मात्र चालूच. दुसऱ्या आठवड्यात गोळी दुपारच्या भरपेट जेवणात नेली आणि तेही थांबले. बी-कॉम्प्लेक्स सकाळच्या नाश्त्यानंतर ठेवलं. बी6 चा डोस मोठा असेल तर रात्री घेतल्यावर काहींना ठळक स्वप्नं पडतात.

रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, ठोके अनियमित असतील किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर फिश ऑइलबद्दल डॉक्टरांना सांगायलाच हवं. आणि ट्रायग्लिसराइडसाठी, म्हणजे रक्तातल्या चरबीसाठी, त्यांनीच ओमेगा-3 लिहून दिलं असेल, तर झोपेच्या शंकेवरून ते आपल्या मनाने बंद करू नये. वेळ बदलून चालेल का, हे त्यांनाच विचारावं.