‘सोयीनुसार भेट’वर सही करू नका

घटस्फोटाच्या अटींबद्दलची तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला. चार वर्षांची मुलगी, ताबा आईकडे आणि बापाला ‘उभयतांच्या सोयीनुसार भेट’. माझ्या कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी सही करायच्या लेखी अटींमध्ये, हेच शब्द होते. वकिलांच्या ऑफिसात मी विचारलंही होतं, तर म्हणाले, ‘सगळीकडे असंच लिहितात, पुढे जमतं.’ संमतीचा घटस्फोट एकदाचा उरकावा म्हणून सही केली.

नाही जमलं. आज सर्दी, उद्या परीक्षा, परवा मामाकडे. एका दिवाळीत किल्ल्यावर मांडायचे मातीचे मावळे घेऊन सोसायटीच्या गेटवर दीड तास उभा होतो. वॉचमनने तीनदा इंटरकॉम लावला. शेवटी पिशवी त्याच्याकडेच ठेवून परत आलो. पोलीस चौकीत आदेश दाखवला तर विचारलं, ‘यात वार कुठाय? वेळ कुठाय?’ खरंच नव्हती. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली आदेश बदलून मागता येतो, मीही मागितला, पण त्यात सव्वा वर्ष गेलं. तेवढ्यात पोरगा मला परक्यासारखा बघायला लागला होता.

जॉइंट कस्टडी, म्हणजे दोघांकडे मिळून ताबा, या शब्दासाठी अडून बसू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. विधी आयोगाने २०१५ मध्ये तिची शिफारस केली, पण कायद्यात तशी तरतूद अजून नाही. दोघं तयार असतील तर कोर्टं देतात. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडेच राहतं, त्यावर शक्ती घालवू नका. शक्ती घाला ती तपशिलावर. दुसरा-चौथा शनिवार सकाळी १० ते रविवार संध्याकाळी ६, मुक्कामासह. आणायचं कुणी, सोडायचं कुठे. मे महिन्याची सुट्टी अर्धी-अर्धी, दिवाळी आलटून पालटून. व्हिडिओ कॉलचा वार. भेट चुकली तर बदली भेट कधी. शाळा बदलणं आणि ऑपरेशनसारखे निर्णय दोघांच्या संमतीने, हेही लिहून घ्या. ताबा आईकडे गेला म्हणून तुमचं पालकत्व संपत नाही. प्रगतिपुस्तक आणायला शाळेत स्वतः जा.

आणखी एक. भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवू नका. मी दोन महिने थांबवली आणि तेच माझ्याविरुद्ध कोर्टात आलं.

मी वकील नाही, आणि हे हिंदू विवाह कायद्यापुरतंच; तुमचं लग्न दुसऱ्या कायद्याखाली असेल तर आधी तेवढं विचारून घ्या. सही उद्याच असेल तर पुढची तारीख मागा. भेटीचा परिच्छेद नावं झाकून इथे टाका, आज रात्रीच वाचतो.