जबडा उघडताना कानापाशी ‘कट्’ वाजतं, सकाळी गाल दुखतात. रत्नागिरीत कुणाला दाखवू?

आधी दातांच्या डॉक्टरला दाखवा, ऑपरेशनची भीती मनातून काढा. नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तर बहुधा काहीच करावं लागत नाही. मी याच व्यवसायात आहे. सकाळी गाल दुखतात म्हणजे बहुतेक चावायचे स्नायू आखडलेत, झोपेत दात खात असाल. दोनेक आठवडे पेज, मऊ भात, गालाला गरम शेक, जांभई देताना हनुवटीखाली मूठ. सुके बोंबील आणि चिवट गरे बंद. दात तासून ‘ठेवण जुळवतो’ म्हणणाऱ्याला मात्र नको म्हणा, तासलेला दात परत येत नाही. एकच गोष्ट वेगळी: सुपारी खात असाल (श्रीवर्धनी रोठा आपल्याकडे घरोघरी), तिखट झोंबत असेल आणि स्वतःची तीन बोटं उभी तोंडात मावत नसतील, तर दुखणं जबड्याच्या सांध्याचं नसून सबम्युकस फायब्रोसिसचं (तोंडाचं आतलं अस्तर कडक होण्याच्या आजाराचं) असू शकतं. त्यातून कर्करोग होऊ शकतो, थांबू नका.