‘लहान आहे, विसरेल न?’

जूनच्या शेवटी एक आई पाच वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. नागपुरात मोतीबागच्या रेल्वे क्वार्टरमध्ये शेजारी राहणारा मुलीचा जिवलग मित्र वडिलांच्या बदलीमुळे मे महिन्यात बिलासपूरला गेला होता. “मॅडम, ही कोणाशीच खेळून नाही राहिली. रात्री अंथरूणही ओलं करते. लहान आहे, विसरेल न?”

हा प्रश्न मला दर उन्हाळ्यानंतर ऐकू येतो. मूल विसरेल या आशेवर आपण त्याला निरोपच घेऊ देत नाही. इथंही तेच झालं होतं. सामानाचा ट्रक निघाला तेव्हा मुलीला मावशीकडे पाठवलं होतं आणि नंतर सांगितलं, “तो आजीकडे गेला, येईल.” ती रोज संध्याकाळी फाटकापाशी उभी राहायची.

तिसऱ्या भेटीत ती खेळण्यातल्या ट्रकमध्ये बाहुल्या भरत होती. मान वर न करता म्हणाली, “मी त्याच्या नंदीचं शेपूट तोडलं न, म्हणून तो गेला.”

नंदी म्हणजे तान्ह्या पोळ्याला मुलं सजवतात तो लाकडी बैल. शेपटाचं आईला ठाऊकच नव्हतं. पण या वयाचं मूल आजूबाजूच्या घटनांचं कारण स्वतःतच शोधतं. वियोगाचं दुःख असतंच, त्यावर अपराधाचं हे ओझं चढतं, आणि ते कोणी विचारल्याशिवाय बाहेर येत नाही.

मी आईला खरं सांगायला लावलं, तेही सोप्या शब्दांत: “त्याच्या बाबांच्या ऑफिसनं बदली केली. तुझ्यामुळे नाही. तो आता तिथंच राहील.” मुलगी खूप रडली. पुढचे काही दिवस तेच तेच विचारत राहिली, आणि आईनं दर वेळी तेच उत्तर दिलं. नवी खेळणी आणायला मी मनाई केली होती. अंथरूण ओलं झालं तर रागवायचं नाही, चादर बदलायची, एवढंच. (झोप, जेवण, शाळा हे सगळं कित्येक आठवडे बिघडलेलंच राहिलं, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं.)

व्हिडिओ कॉलवर दोघं आधी गप्पच बसायची. “बोल न, बोल न” म्हणून पाच वर्षांचं मूल बोलत नाही. मग दोन्हीकडे कागद आणि रंग ठेवले. चित्रं काढता काढता तिनं शेपटाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “बाबानं फेविकॉलनं चिकटवलं.”

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा पोळा असतो तेव्हा, ती आपला लाकडी नंदी सजवून घरोघरी गेली, या वर्षी आईचा हात धरून. बोजारा म्हणून घरोघरी मिळालेल्या पैशांतली काही नाणी तिनं त्याच्यासाठी डबीत ठेवली. रात्री पुन्हा रडली. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला, “मॅडम, मी काहीच नाही बोलली. नुसती थोपटत बसली.”