उपासाला किन्वा चालतो का?

प्रिय चिऊ,

परवा संकष्टीला तू डब्याचा फोटो पाठवलास. साबुदाण्याऐवजी किन्वाची खिचडी, वर दाण्याचं कूट, ओलं खोबरं आणि मधूनमधून हिरवे मटार. मी आपलं सवयीनं लिहिलं, "छान, पण मटार उपासाला चालत नाहीत." त्यावर तुझं उत्तर, "हे कोण ठरवतं? तू?" पुढे हसरा चेहरा टाकला होतास, तरी लागलं जरा. दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून हे पत्र.

साताऱ्याच्या घरी उपासाचं राज्य माईआजीचं. बटाटा, रताळं, सुरण, साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, दाणे, काकडी ही तिची यादी. फोडणीत जिरं चालायचं, मोहरी नाही. हळद नाही, हिंग नाही. कोथिंबीर मात्र चालायची. सुट्टीत ताईआत्याकडे रत्नागिरीला गेलो की तिथे जिरंसुद्धा बंद, आणि कोथिंबिरीचं नाव काढलं की आत्याच्या सासूबाई डोळे वटारायच्या. उलट त्यांच्याकडे उपासाला भेंडी चालायची, जी आमच्याकडे अजिबात नाही. देव तोच, चतुर्थी तीच. मी माईला विचारलं तर म्हणाली, "त्यांच्याकडे त्यांचं, आपल्याकडे आपलं." विषय संपला.

पण मला तेव्हाही एक गोष्ट दिसत होती. माईला कोथिंबीर जिवापाड आवडायची. मोरीजवळच्या फुटक्या घमेल्यात ती बारा महिने लावलेली असायची. आणि भेंडीचा बुळबुळीतपणा तिला सहन व्हायचा नाही. त्या घरात आजोबांना हवा तसा चहा, काकांना लागेल तितकं तिखट. माईला काय आवडतं हे कोणी विचारलेलं मला आठवत नाही, आणि तिनंही कधी आपणहून सांगितलं नाही. उपासाच्या दिवशी मात्र तिनं 'चालत नाही' म्हटलं की आजोबासुद्धा गप्प बसायचे. मला हे कळायला बरीच वर्षं लागली. कदाचित मीच हे सगळं तिच्या माथी मारत असेन. तिला विचारायला आता ती नाही.

तू शोधून काढशीलच, म्हणून आधीच सांगून टाकते. आपला हा 'पारंपरिक' फराळ बराचसा परदेशी आहे. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, सगळं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीज वगैरे आले तेव्हापासून आपल्याकडे आलेलं. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओकाही तिकडचाच. तुझ्या बबल टीतले काळे मणी त्याच पिठाचे, बरं का. तमिळनाडूत सेलमला साबुदाण्याचे कारखाने उभे राहिले ते १९४० च्या दशकात, महायुद्धामुळे बाहेरचा साबुदाणा येईनासा झाल्यावर. म्हणजे माई सासरी आली साधारण त्याच सुमाराला. राजगिराही मूळचा अमेरिकेतलाच, आणि तुझा किन्वा त्याच्याच कुळातला. तेव्हा किन्वाचं गोत्र जुळतंय, त्याला माझी हरकत नाही. ज्या बाईनं पहिल्यांदा उपासाला बटाटा उकडला असेल, तिला तिच्या सासूनं काय काय ऐकवलं असेल, देव जाणे.

मग मटारांवरच मी का अडते? शेंगदाणाही मटारच्याच कुळातला, हे तू म्हणायच्या आत मीच म्हणते. माझ्याकडे याला धड उत्तर नाही. एवढंच आठवतं की शाळेत मैत्रिणीच्या डब्यातल्या पोळी-भाजीला हात लावायचा नाही, यातच त्या दिवसाची सगळी ऐट होती. पोट रिकामं असायचं असं मुळीच नाही. एकादशी दुप्पट खाशी, हे आमच्याकडे अक्षरशः खरं होतं: खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, शिवाय तळलेल्या साबुदाण्याच्या पापड्या. भूक नव्हतीच. पण काहीतरी अडत होतं, म्हणून तो दिवस वेगळा वाटायचा. तुझ्या बाबांना हे पटत नाही. त्यांच्या नागपूरच्या घरी उपास फक्त आजी करायची आणि पोरं तिची खिचडी पळवायची. त्यांना विचारलंस तर ते मटारच काय, वर शेवही घालून देतील.

आणि मी तरी कुठे सगळं जसंच्या तसं करते? कालनिर्णयात चंद्रोदयाच्या वेळा असतात त्या तिकडच्या गावांच्या. इथे मँचेस्टरला जूनमध्ये चतुर्थीचा चंद्र उगवेपर्यंत मध्यरात्र होते, आणि उगवला तरी ढगांतून दिसेल तर शपथ. मी बाबा कामावरून आले की आरती करते आणि जेवते. साबुदाणा तूप लावून मायक्रोवेव्हमध्ये शिजवते, आणि तो कढईतल्यापेक्षा मोकळा होतो हे माईसमोर बोलायची माझी हिंमत झाली नसती. ते सगळं मी माझ्या सोयीनं ठरवलं, कोणाला विचारलं नाही.

तू उपास करावास असं मी कधी म्हटलेलं नाही, यापुढेही म्हणणार नाही. तू करतेस हे मला त्या फोटोवरूनच कळलं. बाबांना दाखवला तर ते म्हणाले, "बघ, न सांगता करते," आणि मी लगेच मटारांचं लिहून बसले होते. आईपण असं कधीकधी बोटांतून आधी बाहेर पडतं, डोकं मागून येतं.

किन्वा शिजवण्याआधी चांगला चोळून धू, दोन-तीन पाण्यांतून, नाहीतर कडवट लागतो. मिरची तुपात आधी पडू दे, मग जिरं जळत नाही. आणि ते कूट! फोटोत त्याचा लगदा झालेला दिसतोय. दाणे भाजून पूर्ण गार झाल्याशिवाय मिक्सरला लावायचे नाहीत, आणि सलग फिरवायचं नाही, थांबत थांबत फिरवायचं. जमत नसेल तर इकडून करून पाठवते, पोस्टानं दोन दिवसांत पोचेल.

तुझी,
आई