सोललेलं संत्रं बुडेना, कुलर गार करेना

पहिली ते चौथीच्या मुलांकडून करून घ्यायच्या प्रयोगांबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच निवडली आहेत. अडचण दोघातिघांची सारखीच होती तिथे पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : विज्ञान दिनाला, 28 फेब्रुवारीला, दुसरीच्या वर्गात संत्र्याचा प्रयोग घेतला. सालीसकट संत्रं तरंगतं आणि सोललं की बुडतं, असं मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं. सोललेलंही तरंगलं आणि वर्गात हशा पिकला. काय चुकलं? – शिक्षिका, मानेवाडा

संत्रं नागपुरी होतं, म्हणून फसलं. या प्रयोगाच्या चित्रांत बहुधा घट्ट सालीची, मोसंबीसारखी फळं असतात. आपल्या संत्र्याची साल सैल असते आणि फोडींच्या मधोमध पोकळी असते. साल काढली तरी त्या पोकळीत हवा राहते आणि तीच फळाला वर धरून ठेवते. सोललेलं संत्रं पाण्याखाली धरा, देठाकडचं भोक वर करा आणि दोन बोटांनी अलगद दाबा. बुडबुड्यांची बारीक माळ वर येईल. ती थांबली की हात सोडा. बहुतेक वेळा संत्रं तळाला जातं. तरीही तरंगलं तर फोडी सुट्या करून एकेक सोडून पाहा.

फळ निवडतानाही चूक होते. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलांची, संत्री फेब्रुवारीत येतात. त्यातलं फुगलेल्या सालीचं, झाडावर जास्त राहिलेलं फळ आतून कोरडं पडलेलं असतं, ते या कामाचं नाही. हाताला वजनदार लागेल आणि साल त्यातल्या त्यात अंगासरशी असेल असंच घ्या. भांडं पारदर्शक आणि रुंद तोंडाचं हवं. पाणी वीतभर पुरे. स्टीलच्या गंजात मागच्या बाकावरच्या मुलांना काही दिसत नाही.

खरी गंमत मात्र बुडण्यात नाही. सोललेलं आणि न सोललेलं अशी सारख्या आकाराची दोन फळं आधी मुलांच्या हातात द्या आणि जड कोणतं ते विचारा. सालीचं जड, हे सगळे सांगतील. मग बुडेल कोणतं? जवळजवळ सगळा वर्ग जड असलेल्याकडे बोट दाखवतो. अंदाज फळ्यावर लिहून घ्या आणि मगच फळं पाण्यात सोडा. हलकं बुडतं आणि जड तरंगतं हे समोर दिसलं की ‘जड ते बुडतं’ या समजुतीला पहिला तडा जातो. दुसरीत एवढं पुष्कळ झालं, घनतेची व्याख्या सांगायची घाई नको. निकाल आधी सांगून ठेवला की मुलांना बघण्यासारखं काही उरत नाही आणि फसलं की हशाच होतो. पुढे न्यायचं असेल तर बुडालेल्या फोडीच्या पाण्यात चमचा-चमचा मीठ घालून ढवळत राहा. लिटरभर पाण्याला 100 ग्रॅमच्या आतबाहेर मीठ लागतं आणि फोड वर येते. त्या फोडी खायच्या नाहीत, हे आधी बजावा.

प्रश्न : घरी ग्लासात कापसावर हरभरा रुजत घातला. तिसऱ्या दिवशी वास आणि बुरशी. मुलगी हिरमुसली. – पालक, कामठी

पाणी जास्त झालं. बी श्वास घेतं. बुडून राहिलं की त्याला हवा मिळत नाही आणि ते कुजतं. हरभऱ्याऐवजी मूग किंवा बरबटी (चवळी) घ्या, मोड लवकर येतात. दाणे रात्रभर, म्हणजे साधारण 8 तास, भिजवा. उन्हाळ्यात 6 तास पुरे, नाहीतर पाणी आंबतं. काचेच्या ग्लासात टिपकागदाची किंवा सुती कापडाची गुंडाळी आतून भिंतीला टेकवून बसवा. दाणे काच आणि कागद यांच्यामध्ये, मध्यावर अडकवा. तळाला बोटाच्या एका पेराहून कमी पाणी ठेवा, कागद ते वर ओढतो. दाणे पाण्याला टेकता कामा नयेत. उन्हाळ्यात दीड-दोन दिवसांत मुगाचं मूळ बाहेर येतं. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत त्याच्या दुप्पट वेळ धरा.

मुळावर पांढरी लव दिसली की बुरशी समजून फेकू नका. ते मूळरोम, म्हणजे मुळाचे बारीक केस असू शकतात. मूळरोम फक्त टोकाच्या जरा मागे, एकसारख्या पट्ट्यात असतात आणि पाणी शिंपडलं की मुळाला चिकटून दिसेनासे होतात. बुरशी दाण्यावर वेडीवाकडी पसरते आणि तिला वास येतो. दोन्ही भिंगाखाली शेजारी-शेजारी ठेवून दाखवण्यासारखं आहे.

कुजलेला ग्लासही टाकू नका. पुढच्या खेपेला तीन ग्लास करा : एक कोरडा, एक ओलसर, एक बुडवलेला. बाकी सगळं सारखं, म्हणजे फरक पाण्यामुळेच पडतो हे मुलीला दिसेल.

एक गोष्ट सक्तीची. पेरणीसाठी आणलेलं सोयाबीन, कापूस किंवा तुरीचं बियाणं मुलांच्या हातात देऊ नये. त्याचा लाल, गुलाबी किंवा निळा रंग सहसा विषारी औषधाच्या लेपाचा असतो. किराणा दुकानातले खायचे दाणेच घ्या. फुटाणे आणि डाळ रुजत नाहीत, तेही एकदा करून बघू द्या.

प्रश्न : मे महिन्यात कुलर गार हवा देतो आणि जुलैत नुसता दमटपणा. नातू पहिलीत आहे, रोज का म्हणून विचारतो. त्याला करून काय दाखवू? – आजोबा, महाल

सारख्या आकाराचे तीन स्टीलचे ग्लास घ्या, प्रत्येकात 200 मिली पाणी एकाच माठातलं किंवा नळाचं. एक तसाच ठेवा. दुसऱ्याला ओलं सुती फडकं गुंडाळा आणि त्याचं टोक बशीतल्या पाण्यात सोडा. तिसऱ्यालाही तसंच फडकं, पण वरून प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा. तिन्ही सावलीत, वारा लागेल तिथे ठेवा. तासाभरानं नातवाला बोट बुडवू द्या. मेच्या कोरड्या दुपारी दुसरा ग्लास स्पष्ट गार लागतो. तिसऱ्याचं फडकं ओलं असूनही तो तसा गार होत नाही, कारण तिथलं पाणी वाफ होऊन बाहेर जाऊ शकत नाही. फडक्यातलं पाणी उडून जाताना ग्लासाची उष्णता घेऊन जातं. कुलरच्या जाळीतही हेच घडतं. जुलैत हवाच ओलीकंच असते, मग पाणी उडणार कुठे? खिडकी बंद करून कुलर लावला तर खोलीतही थोड्या वेळानं तेच होतं.

हाच प्रयोग पावसाळ्यात पुन्हा करा, फरक फार थोडा उरेल. आकडा हवा असेल तर प्रयोगशाळेतला, लाल द्रवाचा थर्मामीटर घ्या. तापाचा 35 ते 42 अंशांपुरताच असतो आणि पाऱ्याचा फुटला तर जोखीम आहे. उन्हात ठेवणं, पॉलिस्टरचं फडकं, बशीतलं पाणी संपणं, या तीन कारणांनी प्रयोग फसतो.

प्रश्न : वर्गात 50 मुलं, सामान नाही. शिवाय पहिली-दुसरीला परिसर अभ्यासाचं पुस्तकच नाही, मग वेळ कुठून काढू? – शिक्षक, वाडी

पुस्तक तिसरीपासून आहे, पण गणिताच्या तासाला मापन आहेच. किती ग्लासांनी बादली भरते, हाही प्रयोगच. चार-चार मुलांचे गट करा आणि कामं वाटा : धरणारा, ओतणारा, बघणारा, सांगणारा. पुढच्या वेळी कामं फिरवा, नाहीतर धीट पोरगं दरवेळी ओतणारच होतं. एकदम अर्ध्याच गटांना सामान द्या, बाकीच्यांनी तोवर अंदाजाचं चित्र काढायचं. पाणी आधीच छोट्या बाटल्यांत मोजून ठेवा, वर्गात बादली आणू नका. लिहून घेण्याचा आग्रह नको, दोन चित्रं पुरेत : आधी आणि नंतर. सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी मात्र वगळा. फेस येतो, टाळ्या पडतात, पण मुलांना बदलून पाहण्यासारखं काही हाती लागत नाही.

प्रश्न : लोहचुंबक कोणतं घ्यावं? – पालक, हिंगणा

जुन्या स्पीकरमधलं मोठं वर्तुळाकार किंवा शाळेतलं पट्टीचं. मुठीत मावून तोंडात जाईल असं कुठलंच नको. चकचकीत, छोटी, फार जोरदार चुंबकं तर घरातही ठेवू नका. दोन गिळली गेली तर आतड्याच्या भिंती मधे धरून एकमेकांना चिकटतात आणि आतडं फाटू शकतं. गिळल्याची शंका जरी आली तरी वाट न पाहता दवाखाना गाठावा. खेळण्यांतल्या बटण सेललाही हाच नियम. चुंबक मोबाईल आणि एटीएम कार्डापासून दूर ठेवा, आणि टाचण्यांऐवजी कागदाच्या यू-पिना द्या, टोचत नाहीत.