पहिली स्वारी आष्टीचीच करा

सोलापूरहून मोटारसायकलवर जुनी रणांगणं बघायला निघायचं असेल, तर रायचूर, तालिकोट ही कर्नाटकातली रणांगणं नंतर बघू. सुरुवात मोहोळ तालुक्यातल्या आष्टीपासून करा. २० फेब्रुवारी १८१८ ला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले तिथे इंग्रजांशी लढताना पडले. जाऊन-येऊन अर्ध्या दिवसाचं काम आहे. मात्र मॅपवर नुसतं 'आष्टी' टाकलंत तर बीड जिल्ह्यातली आष्टी दिसू शकते. तालुका बघूनच निघा.

दुसरी खेप बार्शी-परांडामार्गे खर्ड्याची. १७९५ ची मराठे-निजाम लढाई तिथली, शिवाय किल्लाही बघण्यासारखा. एका दिवसात तीन ठिकाणं कोंबू नका, नवखे तिथेच फसतात. रणांगणावर बघायला बहुतेक रानच असतं. लढाई आधी वाचून, ओढा कुठे, चढ कुठे, एवढं कागदावर काढून न्या, नाहीतर फोटो काढून परत याल.

गाडीचं थोडक्यात:

- हवा टायर थंड असतानाच तपासा.
- चेन फार ताणू नका. किती ढिली ठेवायची ते मॅन्युअलमध्ये असतं.
- पंक्चर किट, माणशी तीन लिटर पाणी.

पावसानंतर डांबर सोडून रानात गाडी घालू नका. आपली काळी माती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये भरते, चाक जाम होतं आणि गाडी ढकलताही येत नाही. रस्त्याकडेला लावा, चालत जा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पण तोच उसाचा हंगाम. टेललाइट नसलेल्या ट्रॉल्या अंधारात दिसत नाहीत, त्यामुळे दिवस मावळायच्या आत सोलापूर गाठा.